पिठावरची पावलं

मांजर आता घरात येत नाही. दुपारी चार-साडेचारला मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर येऊन बसते, तेही माझ्याकडं पाठ करून. मी दूधभाताची वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो आणि आत निघून जातो. परत येतो तेव्हा वाटी रिकामी असते. ती खाते की शेजारचा बोका, हे बघायला मी कधी थांबलो नाही. थांबलो आणि बोका निघाला, तर काय करायचं?

मांजर माझ्या बायकोची. बायकोला जाऊन येत्या उन्हाळ्यात वर्ष होईल. ती गेल्यावर मला एकच गोष्ट हवी होती, की ही मांजर घरात राहावी. बायकोचा हात रोज जिच्या अंगावरून फिरत होता अशी या घरात ती एकटीच होती. मीही होतो, पण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवल्याला किती वर्षं झाली होती हे मला सांगता येणार नाही, आणि त्यात दोष तिचा नव्हता. मांजर राहिली असती तर त्या हाताचं काहीतरी घरात राहिलं असतं. ती राहिली नाही. तिला कुणी हाकललं नाही. ती माझ्या शहाणपणामुळं गेली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आमचं घर चिकलठाण्याच्या बाजूला आहे, एका भिंतीला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत. विमान उतरायला लागलं की गच्चीवरचे पत्रे थरथरतात. मांजरीचे कान त्याच्या कितीतरी आधी वळायचे. बायको ओट्यापाशी उभी असायची, ती मान न वळवता म्हणायची, "आलं बघा इमान," आणि ते यायचंच. ती पैठणजवळच्या खेड्यातली होती. शाळा सातवीपर्यंत. तिची बोली मी लग्नानंतर पहिली दोन वर्षं सुधारत होतो. नंतर ती माझ्यासमोर कमी बोलायला लागली. मला वाटलं, सुधारली.

घर बांधलं तेव्हा माझी थोरली बहीण, आमची आक्का, आमच्याकडंच राहत होती. नवरा गेल्यावर ती आली आणि मुलगा कमावता होऊन तिला गुलमंडीतल्या घरी परत घेऊन जाईपर्यंत राहिली. गवंड्यानं ओट्याची उंची विचारली तेव्हा आक्का पुढं झाली. आम्ही भावंडं उंच. गवंड्यानं तिच्या कमरेशी पट्टी लावून भिंतीवर रेघ मारली. बायको आक्काच्या खांद्याला लागत नव्हती.

ती म्हणाली, "वन्सं, मला उंच होईल जरा."

"मग पाट घे की पायाखाली," आक्का म्हणाली. "पाट काय महाग आहे? आणि मला वाकून वाकून मारायचा विचार आहे का तुझा?"

गवंडी हसला. मीही हसलो. त्यानंतर बावीस वर्षं बायकोनं पाटावर उभं राहून स्वयंपाक केला. आक्का गुलमंडीला गेल्यावरही. दोन-तीनदा ती मला म्हणाली, की ओटा चार बोटं खाली घेऊ या, संध्याकाळी खांदे भरून येतात. मी म्हणालो, बघू. ती पुन्हा म्हणाली नाही, म्हणून मी बघितलं नाही.

मांजर आली ती पाण्याच्या दिवशी. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं. त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं असतं. ड्रम सरकवताना मागं हातभर जागेत एक पिल्लू निघालं, पांढऱ्यावर काळे आणि भगवे डाग असलेलं. आमची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, घर रिकामं झालं होतं. बायकोनं पिल्लू पदरात घेतलं आणि मला विचारलं नाही. तिनं मला न विचारता केलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

मांजरीनं घरातली जागा निवडली ती तो पाट. बायको खाली उतरली की ही त्यावर चढायची. ती ओट्याशी असली की पाटाच्या कोपऱ्याला गाल घासत बसायची. इतकी घासायची, की तो कोपरा काळपट आणि गुळगुळीत झाला होता. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात, असं गाल घासून ते जागा आपली करून घेतं, हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "घेऊ द्या. माझ्याही नावावर एवढीच आहे."

मी निवृत्त झालो होतो, वेळ होता. कॉलेजच्या ग्रंथालयातून प्राण्यांच्या वर्तनावरची पुस्तकं आणली. एक जाड वही केली. डाव्या बाजूला मांजरीची कृती, उजव्या बाजूला अर्थ. शेपटी सरळ उभी: स्वागत. टोक हलतंय: अस्वस्थता. कान मागं चिकटलेले: भीती, हल्ल्याची तयारी. डोळे सावकाश मिटून उघडणं: जवळीक. मोठं मांजर दुसऱ्या मांजराशी म्याव करत नाही, म्याव फक्त माणसासाठी असतं, हे वाचून मला फार नवल वाटलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मग? मला काय म्हायती न्हाई?" बायको म्हणाली. "हा दाराचा आवाज, हा दुधाचा, अन् हा नुसताच."

"नुसताच म्हणजे?"

"म्हणजे नुसताच. हाय का घरात कुणी, असा."

मी वहीत "नुसताच" लिहिलं नाही. पुस्तकात तसा प्रकार नव्हता. ती हसली. "अहो, तिला इचारा की. वहीला काय इचारता?"

एकदा मी वाचून दाखवलं, की मांजर तुमच्याकडं पाठ करून बसलं तर तो अपमान समजू नये. ज्याच्यापासून धोका नाही त्याच्याकडंच ते पाठ करतं. बायको तेव्हा भाकरी थापत होती, माझ्याकडं पाठ करून. ती तशीच म्हणाली, "अन् बाईनं पाठ केली तर?"

मी म्हणालो, ते या पुस्तकात नाही. मला ते उत्तर विनोदी वाटलं होतं.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मांजर पोट चाटायला लागली. एकसारखी चाटायची. पोटावरचे केस जाऊन गुलाबी कातडी दिसायला लागली. मी वहीत रोज नोंद केली, किती वेळा, किती वेळ. मग रिक्षा केली, तिला भाजीच्या जाळीच्या टोपलीत बांधून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मांजर उलटसुलट करून पाहिली. कातडीला रोग नव्हता. सबंध वेळ मांजर गुरगुरत होती. मी म्हणालो, चला, निदान तिला बरं वाटतंय.

"तसं नसतं काका," त्या म्हणाल्या. "दुखत असलं, घाबरलं असलं तरी मांजर गुरगुरतं. स्वतःलाच धीर देतं." मग म्हणाल्या, "घरात काही बदललंय का? कुणी आजारी आहे, कुणी गेलंय? अशी चाटतात तेव्हा बहुतेक वेळा घरात काहीतरी बदललेलं असतं."

मी म्हणालो, "नाही. घरात काहीच नाही."

त्या महिन्यात बायको दुपारी फरशीवर आडवी व्हायला लागली होती. पूर्वी कधी झोपायची नाही. मांजर तिच्या कुशीशी बसून राहायची, उठवली तरी उठायची नाही. मी वहीत लिहिलं: फरशी गार म्हणून. बायकोचं जेवण कमी झालं होतं. मला म्हणाली, पोट जड वाटतं. मी म्हणालो, पित्त असेल, ओवा खा. तिनं खाल्ला. चार दिवसांनी मी विचारलं, बरं आहे का, ती म्हणाली, हो. काम करताना ती नेहमी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायची. त्या दिवसांत जास्त गुणगुणायची. दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, की मांजर दुखतानाही गुरगुरतं, मला हे नवीनच कळलं. ती भांडी लावत होती. गुणगुणणं थांबवून म्हणाली, "बिचारी," आणि पुन्हा सुरू केलं.

तिचं निदान झालं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्वादुपिंडाचा कर्करोग. तीस वर्षं दर वर्षी मी फळ्यावर स्वादुपिंड काढलं. जठराच्या मागं, आडवं, पानासारखं. त्याचं दुखणं पोटातून पाठीत जातं, हेही सांगत आलो. बायको पाठीला उशी लावून बसायची ते मी पाहत होतो.

दोन महिने ती मधल्या खोलीतल्या पलंगावर होती. मांजर पायथ्याशी. खिडकीच्या जाळीचा खालचा कोपरा बायकोनं पूर्वीच कापून ठेवला होता, मांजरीला ये-जा करता यावी म्हणून. पडद्यामागं असल्यानं ते भोक कुणाला दिसत नव्हतं. मला दाखवून ती म्हणाली होती, "आक्कांना सांगू नका." मी सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ती सकाळी गेली, मी चहा ठेवायला उठलो तेवढ्यात.

आमच्याकडं माणूस जिथं गेलं तिथं दहा दिवस दिवा ठेवतात. दहाव्याला नदीवर निघताना त्या दिव्याभोवती खोलीभर ज्वारीचं पीठ पातळ पसरायचं, खोली लावून घ्यायची आणि परत आल्यावर बघायचं. पिठावर ज्याची खूण उमटली असेल त्या जन्माला माणूस गेलं असं धरतात. वडिलांच्या वेळी काहीच उमटलं नव्हतं. आक्का म्हणाली होती, सुटले. आईच्या वेळी मुंगळ्याची रेघ होती, तिला आक्कानं बेलाचं पान ठरवलं होतं.

आम्ही पैठणला गेलो. पिंडाला कावळा लगेच शिवला. आक्कानं डोळ्यांना पदर लावला, "काही राहिलं नव्हतं बाई तिचं. समाधानी होती." दुपारी परत आलो. मधल्या खोलीचं दार आक्कानंच उघडलं, मागं बायकोची धाकटी बहीण, मग माझी मुलगी, मग मी.

पिठावर पावलं होती.

आक्का वाकली. "गाईचं आहे का बघा गं कुणीतरी. मला नीट दिसत नाही."

"एवढीशी गाय कुठून आली, आक्का?" मेहुणी म्हणाली. "मांजर हाये ही." आणि ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "ताई! ताई, मांजर झालीस गं!"

चार बोटं, मागं गादी, नखांची खूण नाही. कुत्र्याची नखं उमटतात, मांजर नखं आत घेऊन चालतं. हे मी मनातल्या मनात वाचलं, सवयीनं. पण पावलं खोलीभर फिरलेली नव्हती. जाळीच्या कोपऱ्यापासून दिव्यापर्यंत एक ओळ होती आणि पलंगाचा उशाकडचा पाय होता तिथं पीठ पूर्ण तुडवलं गेलं होतं. डावं, उजवं, डावं, उजवं, एकावर एक. मांजर पिल्लू असताना आईला असं दाबतं, दूध उतरावं म्हणून. मोठेपणीही जिथं ओळखीचा वास असतो तिथं करतं. बायको त्याला कणीक मळणं म्हणायची. "बघा, मळायला लागली. या, पोळ्या करू."

"किती वेळ उभी होती बघा इथं," आक्का म्हणाली. "पाय निघत नव्हता तिचा."

मला फक्त पडदा बाजूला करून भोक दाखवायचं होतं. आधी मला वाटलं, रडणाऱ्या माणसांसमोर हे बरं दिसणार नाही. मग वाटलं, मांजरीला आता घरात कुणी काही म्हणणार नाही, राहिली तर बरंच. आक्कानं येईल तेव्हा त्या मांजरीला केरसुणी दाखवली होती. आता ती तिला हात जोडत होती. मी गप्प राहिलो. यात माझा फायदा होता.

पुढचे तीन दिवस मांजर घरात आली की बायका उठून उभ्या राहायच्या. मेहुणी तिला "ताई" म्हणायची. आक्कानं गुलमंडीतून नवं हिरवं कापड आणून पाटावर अंथरलं. मांजर पाटाशी जाऊन वास घ्यायची आणि मागं फिरायची. रोज तिच्यापुढं ताट यायचं. ती अधिकाधिक कमी यायला लागली. मी मुलीला म्हणालो, तिला एकटं सोडा. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा ना आत्याला." मी म्हणालो, तेरावा होऊ दे.

तेराव्याला आक्कानं ठरवलं, की नैवेद्य आधी मांजरीनं खाल्ला पाहिजे. खीर, पुरी, बायकोला आवडायची म्हणून गवारीची भाजी. मांजर मधल्या खोलीत होती, पलंगाखाली. आक्कानं दार लावून घेतलं. पडद्याआड हात घालून खिडकीची काच सरकवून बंद केली. पडदाही ओढला. खोलीत आम्ही सात-आठ माणसं. मुलीनं तिला पलंगाखालून काढून मधोमध ठेवलं.

मांजर फरशीला चिकटली. कान सपाट मागं. बाहुल्या इतक्या मोठ्या झालेल्या, की डोळे काळे दिसत होते. शेपूट फरशीवर आपटत होती. माझ्या वहीत यातली प्रत्येक गोष्ट होती, उजव्या रकान्यासकट. मी भिंतीला टेकून उभा होतो. आक्का हात पुढं करून तिच्याकडं सरकत होती. मला "आक्का, थांब" एवढं म्हणायचं होतं. मी आक्काला थांब असं कधी म्हटलेलं नाही. ते तोंडात येईपर्यंत तिचा हात मांजरीच्या डोक्यावर गेला होता.

मनगटापासून कोपरापर्यंत चार रेघा उमटल्या. रक्त आलं. मांजर पडद्यावर चढली, तिथून कपाटावर.

आक्कानं हात धरला, पण ओरडली नाही. हळूच म्हणाली, "माझ्यावर राग आहे तिचा अजून."

"मग कावळा कसा शिवला लगेच?" कुणीतरी म्हणालं.

"कावळ्याला भूक लागलती," मेहुणी म्हणाली.

आक्कानं रक्त तसंच ठेवून कपाटाकडं हात जोडले. "काय राहिलं गं तुझं? सांग. साडी राहिली? काशी राहिली? काय पाहिजे होतं तुला? बोल, मी देते."

मी तिला हे वाक्य बोलताना पहिल्यांदा ऐकलं. ज्या बाईला चौतीस वर्षांत आमच्या घरात कुणी विचारलं नाही, की तुला काय पाहिजे, तिला ते आता कपाटावर बसलेल्या मांजरीमार्फत विचारलं जात होतं. आणि ते तिनं सांगितलेलं होतं. चार बोटं. मला माहीत होतं.

मेहुणी माझ्याकडं वळली. "दाजी, तुम्ही तर वही लिहिता म्हणं मांजरीची. वाचा की, काय म्हणती ती."

एक-दोघं हसले. 

"रिक्षा करून दवाखान्यात नेलतं म्हणं हिला," ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी साधा होता. "ताईनंच फोनवर सांगितलं. हसत हुती. म्हणली, मांजरीला डागदर अन् मला ओवा."

कुणी हसलं नाही. मुलीनं पडदा बाजूला करून काच उघडली. कापलेला कोपरा सगळ्यांना दिसला. मांजर कपाटावरून एका उडीत त्यातून गेली. आक्का त्या भोकाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.  ताट उचलून तिनं आत नेलं. मुलगी दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. निघताना मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला सगळं ठाऊक असतं. त्याचा कुणाला काही उपयोग होत नाही."

मांजर पाचव्या दिवशी परत आली. घरात मी एकटा होतो. हिरवं कापड मी काढून टाकलं होतं. ती पाटाला लांबून वळसा घालून गेली, दुसऱ्या दिवशी कोपऱ्याला गाल घासला, तिसऱ्या दिवशी वर चढून बसली. मी खुर्ची दाराशी ओढून लांब बसायचो, डोळे सावकाश मिटून उघडायचो, बायको करायची तसं. हे बायकोला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, तरी करायची. पावसाळा सुरू झाला. एका सकाळी मी चहा करत असताना मांजर शेपूट सरळ उभी करून आत आली आणि तो आवाज केला. दाराचा नव्हे, दुधाचा नव्हे. मी म्हणालो, "आहे." वर्षभरात मला सुख म्हणता येईल असं तेवढंच.

मग मला वाटलं, की आता बायकोचं राहिलेलं करावं. ओटा खाली घ्यावा. हे कुणासाठी, असं मी स्वतःला विचारलं नाही. मला आक्काच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, आणि ते द्यायची हिंमत त्या दिवशी झाली नव्हती, ती आता झाली होती, कारण समोर कुणी नव्हतं.

गवंड्यानं मला खालून वर पाहिलं. "सर, इत्ता नीचे कायकू लेरे? आप तो लंबे हैं. कमर जाती तुमची."

मी म्हणालो, घ्या खाली. चार बोटं.

"घर में बाई लोगां हैं क्या?"

"होत्या."

त्यानं पट्टी लावून रेघ मारली. दोन दिवस हातोडा चालला. मांजर त्या दोन दिवसांत आली नाही, ते मी गृहीत धरलं होतं. तिसऱ्या दिवशी ओटा नवा झाला, गुळगुळीत, बुटका. पाटावर सिमेंटचे शिंतोडे उडाले होते. गवंडी त्यावरच उभा राहून फरश्या बसवत होता. मला ते बघवलं नाही. तो गेल्यावर मी पाट मोरीत नेला आणि काथ्यानं घासला. सिमेंट निघाल्यावर फिनेल टाकून पुन्हा घासला. कोपऱ्यावरचा तो काळपट डागही गेला. पाट इतका स्वच्छ झाला, की मला समाधान वाटलं. उन्हात वाळवून मी तो नव्या ओट्यासमोर, त्याच्या जागेवर ठेवला.

गालातल्या गंधग्रंथी मी विद्यार्थ्यांना शिकवल्या आहेत. बायकोला वाचून दाखवल्या आहेत.

मांजर चौथ्या दिवशी दुपारी आली. शेपूट खाली. पाटाशी गेली, कोपऱ्याला नाक लावलं. मग तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच थांबली. वास नीट कळला नाही की मांजर तोंडानं तो ओढून घेतं, तेव्हा चेहरा किळस आल्यासारखा दिसतो. तिनं दुसरा कोपरा हुंगला, तिसरा हुंगला. ओट्याच्या नव्या कडेला नाक लावलं. मला वाटलं ती आवाज करेल. तिनं केला नाही. ती माझ्याकडं न बघता खिडकीतून गेली आणि त्यानंतर घरात आली नाही.

आता मी स्वतःचा स्वयंपाक करतो. ओटा मला कमरेच्या खाली लागतो. भाजी चिरून होईपर्यंत कंबर भरून येते. उंच माणसाला खाली घेणारा पाट कुणी बनवत नाही. आक्का मध्ये एकदा येऊन गेली. ओट्यावर हात फिरवून उभी राहिली, म्हणाली, "केलास होय." मनगटावरच्या रेघा पांढऱ्या झाल्या आहेत. ती चहा न घेता गेली.

वाकून काम करताना समोर खिडकी येते आणि खिडकीत कंपाउंडची भिंत. साडेचारला मांजर येते, भिंतीवर बसते, पाठ माझ्याकडं. विमान यायच्या आधी तिचे कान वळतात. वहीत या बसण्याचा अर्थ विश्वास असा लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात. मी तो खोडलेला नाही, पण त्यावर विसंबूनही राहत नाही. बावीस वर्षं याच ठिकाणी एक पाठ माझ्यासमोर होती आणि तिचाही अर्थ मी मला सोयीचा तोच लावला होता. मी वाटी खिडकीत ठेवतो, वहीत काही लिहीत नाही आणि आत जातो.